मदत हवी आहे : ‘साझाए-सान’चे सन्मान आणि डीव्हीडी यांची नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी,

वर्षानुवर्षे चालू असलेल्या जपानी अ‍ॅनिमे मालिकांवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. संपादकांना लेखासोबत मालिकेला मिळालेले सन्मान आणि बाजारात आलेले डीव्हीडी अथवा ब्लू-रे संच यांचा तक्ता हवा आहे. बाकीचे रकाने भरत आले असून घोडे अडले आहे ते ‘साझाए-सान’पाशी.

ही मालिका ५ ऑक्टोबर १९६९ पासून फुजी टीव्हीवर सुरू आहे आणि आजही रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता अर्ध्या तासात तीन छोट्या घरगुती गोष्टी दाखवते. सर्वाधिक काळ चाललेली अ‍ॅनिमेशन मालिका म्हणून २०१३ साली गिनीजने तिची नोंद केली, त्याबद्दल वाद नाही. परंतु मालिका ज्या चित्रपट्टीवर (कॉमिक स्ट्रिप) बेतली आहे तिच्या जनक हासेगावा माचिको यांना १९६२ साली मिळालेला बुंगेइशुंजू पुरस्कार चित्रपट्टीसाठी होता, तोही मालिका सुरू होण्याच्या सात वर्षे आधी, त्यामुळे तो मी वगळला आहे. पहिल्या भागापासून साझाए या नायिकेला आवाज देणाऱ्या काटो मिदोरी यांच्या नावावर २०१९ साली झालेला गिनीज विक्रम मात्र ठेवावा असे वाटते, कारण तो या मालिकेमुळेच शक्य झाला. प्रश्न उरतो तो हासेगावा यांना १९९२ मध्ये मरणोत्तर दिलेल्या ‘कोकुमिन एइयोशो’ या सरकारी सन्मानाचा. तो व्यक्तीचा असला तरी त्यांचे पात्र घरोघरी पोहोचवण्यात मालिकेचा वाटा मोठा होता. तो तक्त्यात घ्यावा की तळटीपेत?

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. इतकी लोकप्रिय असूनही या मालिकेचे भाग व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडीवर विक्रीस आलेच नाहीत, आणि हासेगावा यांची तशी इच्छा नव्हती हे त्याचे कारण सहसा सांगितले जाते. २०१८ च्या अखेरीस सुरुवातीच्या काळातील काही भाग जपानमधील प्राइम व्हिडिओवर आले. पण स्ट्रीमिंगला ‘संच’ म्हणणे मला पटत नाही. रकाना नुसता कोरा ठेवला, तर वाचकांना ती छपाईतील चूक वाटेल. अशा वेळी सूचीकार काय लिहितात?

तोक्योत राहणाऱ्या सभासदांपैकी कोणी सेतागायातील साकुराशिनमाची येथील हासेगावा माचिको कला संग्रहालयात गेले असल्यास, तेथे मालिकेचे जुने भाग पाहण्याची काही सोय आहे का, हेही कृपया कळवावे.

शेवटची शंका इतर मालिकांच्या संचांबद्दल आहे. डीव्हीडी कोणत्या देशांतील यंत्रांवर चालेल ते तिच्या विभागावरून (रीजन कोड) ठरते; जपानी डीव्हीडी विभाग २ च्या आणि आपल्याकडील विभाग ५ च्या. ब्लू-रेमध्ये जपान ‘ए’, तर भारत ‘सी’. हा तपशील तक्त्यात द्यावा, की सामान्य वाचकाला तो नकोसा होईल?

अनधिकृत प्रतींचे दुवे कृपया देऊ नयेत; अंकात त्यांचा उल्लेख करता येणार नाही.