मदत हवी आहे: साका जखमी, वाइल्डकार्ड आता वापरू की विंडो बंद झाल्यावर?

मंडळी, फँटसी प्रीमियर लीगमध्ये (इंग्लिश फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा संघ बनवून गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ) अडकलोय. शनिवारी आर्सेनलने लीड्सला ५-० हरवलं त्या आनंदात होतो, तेवढ्यात आर्सेनलचा साका हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून बाहेर. माझा दहा मिलियनचा खेळाडू बाकावर!

संघात सलाह (किंमत १४.५ मिलियन) आणि हालांड (१४.०) दोघंही आहेत, त्यामुळे बाकी ठिकाणी काटकसर. बाकावरचे दोन बचावपटू ४.० वाले, खेळतच नाहीत. गेल्या आठवड्यात बदल केला नाही, म्हणून दोन फ्री ट्रान्सफर (गुण न गमावता करायचे बदल) शिल्लक. तिसरा घेतला तर चार गुण वजा, ते नकोच.

साकाच्या जागी बोर्नमथचा सेमेन्यो टाकून पाहिला. सलामीला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर दोन गोल मारलेत त्याने, पैसेही सुटतात. पण उरलेले पैसे कुठे लावू तेच सुचेना. आर्सेनलचे आधीच तीन (एका क्लबाची कमाल मर्यादा) असल्याने साका गेला तरच तिथला दुसरा कोणी घेता येईल, आणि या रविवारी ते लिव्हरपूलच्या घरी. (आर्सेनलचा चाहता आहे, त्यामुळे माझ्या निवडीवर माझाच भरवसा नाही.)

वाइल्डकार्ड (गुण न गमावता हवे तेवढे खेळाडू बदलायची मुभा) अजून हातात आहे, १९व्या आठवड्याआधी वापरायचंय. क्लबांची खेळाडू खरेदी-विक्रीची विंडो सोमवारी, १ सप्टेंबर २०२५ला बंद होतेय, मग आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी. आज घेतलेला खेळाडू परवा दुसऱ्याच क्लबात किंवा बाकावर दिसायचा, ही धास्ती.

साका ठेवायचा, हा सल्ला कृपया नको. डेडलाइन शनिवारी दुपारी ३:३०. तोवर एवढंच सांगा: फक्त साका बदलून वाइल्डकार्ड सुट्टीत वापरू, की किमती वाढायच्या आत आत्ताच?