फळा अडगळीत टाका म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

शून्यबिंदू
परवा या चर्चामंचावर एकांनी लिहिलं: "ज्या वर्गात अजून खडू-फळा आहे तिथे शिक्षण होत नाही, नुसती हजेरी होते." खाली वाहवांची रांग. माझं सगळं आयुष्य फळ्यासमोर गेलंय, त्यामुळे चार ओळींत भागणार नाही.

हे भाकीत जुनं आहे. चलच्चित्रं आली की पाठ्यपुस्तकं बहुतेक हद्दपार होतील, असं एडिसन १९२२ मध्येच सांगून गेला. पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' योजनेत साडेआठ लाखांवर यंत्रं घेतली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला: गणितात आणि भाषेत काही फरक नाही. ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालातही तेच. ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरपूर पैसा ओतला, त्यांची मुलं वाचन, गणित, विज्ञानात त्यामुळे पुढे गेलेली दिसली नाहीत.

आता वर्गातलं. मुलगी फळ्यावर १/२ + १/३ = २/५ लिहिते. अंशात अंश, छेदात छेद मिळवलाय हे मला तिथल्या तिथे दिसतं. मी विचारतो, "अर्ध्यात आणखी काही घातलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे कसं?" ती थांबते, स्वतःच खोडते. यंत्र काय करतं? लाल फुली. पुन्हा प्रयत्न करा. चार पर्यायांपैकी तीन बाद झाले की चौथं बरोबर! मूल यातून अंदाज बांधायला शिकतं, अपूर्णांक नाही.

तारायंत्र
ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे.

सर, फळ्याशी आलेल्या एका मुलीची चूक तुम्हाला दिसली. बाकावरच्या साठ जणांचं काय? त्यातले कितीतरी दोन-तीन इयत्ता मागे असतात आणि गप्प बसून उतरवून घेतात. पेरूत यंत्रं वाटली आणि मुलांना वाऱ्यावर सोडलं, त्यात शिकवणं कुठे होतं? दिल्लीचा प्रयोग बघा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. सहावी ते नववीची मुलं, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. सॉफ्टवेअर आधी प्रत्येकाची पातळी तपासायचं, मग तिथून पुढे न्यायचं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ, म्हणजे मुलांचे गुण एरवी जेवढे पसरलेले असतात त्या मापाने मोजलेली. शैक्षणिक प्रयोगांत एवढा फरक क्वचित दिसतो.

आणि जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत राहिलं तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे फळ्यावर किती वेळा काढून दाखवाल?

शून्यबिंदू
दिल्लीचं अर्धंच सांगितलंत. तिथे रोज ९० मिनिटं असत. ४५ मिनिटं संगणक, उरलेली ४५ मिनिटं लहान गटाला शिकवणारा माणूस. वाढ कोणामुळे झाली हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

मधली_सुट्टी
दोघेही कोणत्या शाळेबद्दल बोलताय? आमचा डिजिटल फळा मोडेल या भीतीने कुलपात असतो. प्रोजेक्टरचा दिवा गेला, तो गेलाच. तंत्रज्ञान वर्गात येतं ते माझ्या मोबाइलमधून: ही माहिती भरा, तो फोटो चढवा, आजच्या आज लिंक भरा. मुलं समोर बसलेली आणि मी फोनमध्ये डोकं घालून. शिकवण्याची किती मिनिटं यात जातात ते कोणी मोजतं का?

पाटीपेन्सिल
या सगळ्यात मुलांचा हात गेला. दोन पानं सलग लिहवत नाहीत. अक्षर तर विचारूच नका. हाताने टिपणं काढणाऱ्यांना विषय जास्त कळतो हे २०१४ च्या प्रयोगात दिसलंय. लॅपटॉपवाले शब्दन् शब्द टाइप करत बसतात, डोकं चालवत नाहीत.

रानवारा
तो प्रयोग कॉलेजच्या मुलांवरचा होता. २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा शब्दशः उतरवणं दिसलं, पण परीक्षेतला फरक दिसला नाही. अर्धवट दाखले देऊन मुलांना बोल लावू नका.

माझ्या मुलाला लेखन-अक्षमता आहे. तोंडी विचारलं तर धबधब्यासारखा बोलतो, पेन धरलं की एका ओळीला घामाघूम. 'अक्षर सुधार' म्हणून त्याच्याकडून तीच तीच पानं पुन्हा लिहून घेतली गेली. तो शाळेत जायला रडायचा. कीबोर्ड मिळाल्यावर त्याने पहिला निबंध लिहिला आणि बाईंनी मला विचारलं, "घरी कोणी लिहून दिला का?"

पाटीपेन्सिल
ताई, वाईट वाटलं. पण अपवादावरून नियम होत नाही.

रानवारा
अपवाद? प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतं, फक्त त्याला 'आळशी' म्हणतात. तुमचा नियम त्याच मुलांच्या पाठीवर उभा आहे. आणि मला ताई म्हणून समजूत घालू नका.

अंधुक_उजेड
मी दृष्टिहीन शिक्षक आहे. हा धागा स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतोय. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर २००६ मध्ये सुरू झाला. त्याआधी पैसे नसलेल्या माझ्यासारख्यांना कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत थांबावं लागायचं. पाटीपेन्सिल, तुमच्यासाठी ही सोय असेल, माझी नोकरी त्यावर उभी आहे.

माझं भांडण मात्र तंत्रज्ञानवाल्यांशीही आहे. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ टाकतात आणि 'डिजिटल साहित्य उपलब्ध' असं जाहीर करतात. ते पानाचं चित्र असतं, माझं यंत्र त्यातलं अक्षरही वाचत नाही. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची समान पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर कानावर नुसता कचरा येतो. तीच पानं मजकूर म्हणून दिली असती तर माझा विद्यार्थी इतरांबरोबर त्याच दिवशी धडा वाचू शकला असता.

पाटीपेन्सिल
ठीक आहे. ज्यांना गरज आहे त्यांना कीबोर्ड द्या, माझा विरोध नाही. पण पहिली-दुसरीत अक्षर हातानेच गिरवलं पाहिजे, इथून मी हलणार नाही.

रानवारा
माझाही मुलगा गिरवायचा. शिक्षा म्हणून गिरवायला लावू नका, एवढंच म्हणतेय.

शून्यबिंदू
धागा हस्ताक्षराकडे गेला, पण अंधुक_उजेड यांचं म्हणणं मला खोडता येत नाही, खोडायचंही नाही. तारायंत्र, मुलाची पातळी आधी तपासणारं सॉफ्टवेअर माझ्या वर्गात आलं तर मी दार लावणार नाही. अट एकच: मुलाने उत्तरापर्यंत कसा प्रवास केला त्या पायऱ्या मला दिसल्या पाहिजेत. 'अमुक टक्के पूर्ण' असा हिरवा पट्टा मला नको. त्यातून २/५ कुठून आलं ते कळत नाही.

तारायंत्र
पायऱ्या लिहून घेणारी साधनं आहेत, नावं देतो. पण साठ वह्यांतल्या पायऱ्या तुम्ही तरी रोज बघता का?

शून्यबिंदू
नाही. रोज एक रांग बघतो, बाकीच्या राहतात. नावं द्या.

मधली_सुट्टी
आणि ती विनाइंटरनेट चालतात का तेही लिहा.