मदत हवी आहे: फौंड्रीतल्या मुलाखती शूट करायच्यात, दीड लाखात काय घेऊ?

शटरवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

मी लग्नाच्या ऑर्डरी करणारा माणूस. गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीकडून (लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना) वेगळंच काम आलं. कंपनीला ५० वर्षं होतायत, म्हणून १२ जणांच्या मुलाखती हव्यात. थोरले मालक, त्यांचा मुलगा, एचआरच्या मॅडम आणि बाकी शॉपवरची जुनी माणसं. प्रत्येकाची तीन-चार मिनिटांची क्लिप आणि सगळ्यांची मिळून वीस मिनिटांची एक फिल्म.

म्हटलं, हजार माणसांच्या मांडवात कॅमेरा फिरवतो, खुर्चीत बसलेला एक माणूस काय जड आहे! ट्रायलला गेलो आणि तोंडघशी पडलो.

माझ्याकडे कॅनन २००डी मार्क टू, किटची लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ आहे. क्लिप माईक बोयाचा बीवाय-एम१. मालकांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं. वय ७८, पण काय बोलतात! पहिल्या हीटच्या (लोखंड वितळवायच्या खेपेच्या) रात्री कपोलाचं, म्हणजे भट्टीचं, तोंड कसं गोठलं आणि चौघांनी सळया घालून ते कसं फोडलं, हे सांगत होते. मी ऐकण्यात गुंग. संपल्यावर बघतो तर कॅमेरा केव्हाच थांबलेला. क्लिप बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांची, आणि तिचं शेवटचं वाक्य "मग मी त्या पोरांना म्हटलं". काय म्हटलं ते मलाच माहीत.

जे रेकॉर्ड झालंय त्यातही आवाज बारीक. वाढवला की खरखर, आणि मागून फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायच्या) ग्राइंडरची किरकिर. वरच्या एलईडी ट्यूबमुळे चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. फोर-के लावून बघितलं तर फ्रेम एवढी आवळते की मागे सरकायला जागाच उरत नाही, आणि फोकसही इकडेतिकडे शोधत बसतो.

बजेट दीड लाख. दुकानदार म्हणतो नवीन कॅमेरा घ्या, सगळं सुटेल. तसंच करू का? तीन आठवडे आहेत हातात.

खर्जातला_सा

दुकानदाराला कॅमेराच विकायचाय, तो दुसरं काय सांगणार.

आधी एक काम करा. त्या बोयाच्या वायरला मध्ये एक काळी डबी आहे बघा, आत छोटा एलआर४४ सेल असतो. तिच्यावर स्विच आहे, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. तो कुठं आहे ते बघून सांगा. मग पुढचं बोलू.

शटरवाला_कोल्हापूर

फोनवर होता. कॅमेऱ्यावर टाकला, आवाज खणखणीत.

चौदा महिने वापरतोय हा माईक. लग्नाच्या व्हिडिओवर गाणं टाकतो ना आपण, त्यामुळे कधी कळलंच नाही. हसा आता सगळे.

खर्जातला_सा

हसत नाही, मीपण केलंय. 😄

पण या कामाला तो एकटा पुरणार नाही. दोन ट्रान्समीटरवाला (अंगावर लावायच्या माईकच्या डब्या) वायरलेस सेट घ्या. रोड वायरलेस गो टू किंवा डीजेआयचा माईक टू, दोन्ही चालतील. मुद्दा असा की दोन्हींत ट्रान्समीटरच्या आतच रेकॉर्डिंग होतं. हे सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ऑफिसचा वायफायही तिथंच. सिग्नल तुटला तरी छातीवरच्या ट्रान्समीटरमध्ये आवाज शाबूत असतो, फक्त ते रेकॉर्डिंग चालू आहे ना ते आधी बघायचं. बोया फोनला लावून तिसरी प्रत ठेवा, तेव्हा मात्र स्विच फोनवर!

तुमच्या कॅमेऱ्याला हेडफोनचं भोक नाही, म्हणजे आवाज कानाने तपासायची सोयच नाही. रिसीव्हरला (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या डबीला) हेडफोन लागतो का ते घेण्याआधी बघा आणि कानाला लावूनच बसा. एसी बंद, पंखा बंद. ग्राइंडरवर कुठलाही माईक उपाय नाही. साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागा, नाहीतर जेवणाची सुट्टी साधा. आणि माणूस उठून गेल्यावर रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ठेवा, एडिटिंगला दोन वाक्यं जोडताना मध्ये भरायला लागतो.

फुलफ्रेम_फॅन

माझं मत वेगळं. दीड लाखात थोडे घाला आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घ्या. बॅकग्राउंड असं विरघळतं की क्लायंट खूश. कॉर्पोरेट लोक कॅमेऱ्याचा आकार बघून पैसे देतात.

सातपूरची_मी

आकार बघून पैसे देतात हे खरं आहे, नाकारत नाही. पण पाच फुटांवरून एफ १.८ ला (लेन्स पूर्ण उघडी, फोकसची पट्टी अगदी अरुंद) ७८ वर्षांच्या आजोबांना धरलंत, तर रंगात येऊन ते पुढे झुकले की डोळे गेले आणि कान शार्प. मी मुलाखतीला एफ ४ च्या आसपास राहते.

शटरवालेदादा, मी नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपन्यांची कामं करते. तुमच्या तक्रारी एकेक घेते.

२९:५९ हा बिघाड नाही. युरोपात सलग ३० मिनिटं रेकॉर्ड करणारं यंत्र जकातीच्या हिशेबात व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि कर जास्त लागायचा, म्हणून कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांना ही मर्यादा घातली. सोनी झेडव्ही-ई१० ला ती नाही आणि हेडफोनचं भोकही आहे, फक्त मेन्यूत तापमानाची सेटिंग 'हाय' करा, नाहीतर तापून बंद पडतो. कॅनन आर५० ला एका तासाची मर्यादा आणि हेडफोन नाही, पण तुमची ५० ची लेन्स अडॅप्टरवर चालेल.

फोर-के मध्ये फ्रेम आवळणं आणि फोकस भटकणं हा तुमच्या मॉडेलचा स्वभावच आहे. त्यात ड्युअल पिक्सेल (न भटकणारा, झटपट) फोकस फक्त फुल एचडीत मिळतो. मग फुल एचडीच वापरा, प्रोजेक्टरवर कोणाला फरक कळणार नाही. पट्टे जातील: मेन्यूत पाल (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी जुळवून घ्यायचं.

आता खरेदी. मी तुमच्या जागी असते तर आज कॅमेरा घेतलाच नसता. वायरलेस माईक, ६० वॉटचा एक एलईडी (गोडॉक्सचा एसएल६० घराघरांत पोचलाय), त्याला मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी पेटी) आणि दोन दणकट स्टँड. झेडव्ही-ई१० दोन दिवस भाड्याने आणा, तो समोर ठेवा. तुमचा कॅननवाला बाजूने क्लोजअपला, दर वीस मिनिटांनी बंद-चालू करत. दोन्हींचा व्हाइट बॅलन्स (रंगाची सेटिंग) हाताने ५६०० ला लावा, तरी चेहऱ्याचा रंग थोडा वेगळा येईलच, ते एडिटिंगला बघायचं. सुरुवातीला एक टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं.

वरच्या ट्यूब बंद करा, त्यांचा हिरवट रंग तुमच्या लाइटशी भांडतो. पडदेही ओढा, नाहीतर तीन तासांत ऊन सरकतं आणि एकाच माणसाच्या एकाच वाक्यात सकाळ-दुपार होते. चष्मेवाल्यांसाठी स्टँड उंच करून लाइट खाली वाकवा, काचेतला चौकोन निघून जातो. आणि साहेबांना बारीक रेघांचा शर्ट घालू नका म्हणून आदल्या दिवशीच निरोप द्या, त्या रेघा व्हिडिओत नाचतात.

एचआरच्या मॅडम साडीत असतील तर माईक मंगळसूत्रापासून लांब, खांद्याजवळ पदराच्या पिनेपाशी लावा. दर हुंकाराला मणी खट् वाजतात. माझी एक अख्खी मुलाखत त्यात गेलीय.

जीएसटी नंबर असेल तर पक्कं बिल घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. 'बिल नको, कमी करून देतो' वाल्याकडे जाऊ नका, वॉरंटीच्या वेळी तो ओळख दाखवत नाही.

शटरवाला_कोल्हापूर

ताई, हे सगळं छापून बॅगेत ठेवतोय. कॅमेरा रद्द.

एकच अडचण राहिली. मालकांना परत बसवायचंय. मी परवा सहज म्हटलं, ती कपोलाची गोष्ट पुन्हा सांगाल का, तर दोन वाक्यांत उरकली. "सांगितलंय की तुला."

सातपूरची_मी

गोष्ट मागू नका. त्या रात्रीचा एखादा माणूस विचारा. सळई कोणाच्या हातात होती, तो आता कुठं असतो, असं. आणि तुमचा प्रश्न फिल्ममध्ये ऐकू येणार नाही, हे त्यांना आधी सांगा. "कधी सुरू केली?" "७५ ला." या उत्तराचं एडिटिंगला काही होत नाही. "कंपनी मी ७५ साली सुरू केली" असं आख्खं वाक्य यायला हवं. लेन्सकडे बघायला लावू नका, लेन्सशेजारी तुम्ही बसा, तुमच्याशी बोलू देत.

शटरवाला_कोल्हापूर

अपडेट देतो. रविवारी कंपनी बंद होती, तेव्हा उरकलं. नऊ जण झाले, तीन पुढच्या रविवारी.

मालकांना विचारलं, सळई कोणाकडं होती? थोडा वेळ गप्प बसले. मग त्या माणसाचं नाव, गाव, त्याची सायकल, सगळं निघालं. ४१ मिनिटं. आधीच्या वेळी त्यांनी पोरांना काय म्हटलं होतं ते या वेळी आलंच नाही, दुसरंच काहीतरी आलं, आणि ते जास्त चांगलं आहे. समोरचा कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता. बाजूचा कॅनन वीस मिनिटांनी बंद-चालू करायचं मी विसरलो, त्यामुळे क्लोजअप तीसच मिनिटांचा.

३८ व्या मिनिटाला चहावाला दार उघडून आत आला. कपबशीचा आवाज तिन्ही माईकवर आहे. खर्जातला सा, त्याला काही उपाय?

खर्जातला_सा

आहे. दाराबाहेर एक माणूस बसवायचा. आणि त्याला आधी चहा पाजायचा.