मदत हवी आहे: ट्रॅकवरून आल्यापासून ब्रेक थरथरतात

मंडळी, कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी पळवून फोंड्याला परतलोय. साधी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, पॅड कंपनीचेच. आता ८० च्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल पायाखाली धडधडतं. हळू चालवताना काही नाही. शिवाय अनमोड घाट उतरताना पेडल मऊ लागलं, दोनदा पंप केल्यावर वर आलं. पुढच्या डिस्कवर निळसर-करडे पट्टे दिसतात, पण बोट फिरवलं तर खाच लागत नाही.

गॅरेजवाला म्हणतो, 'डिस्क वाकली, दोन्ही बदला.' मला काही ते पटत नाही. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त बसला तरी अशीच थरथर येते ना? आणि मऊ पेडलचं काय? ब्रेक ऑइल तापून उकळलं, वाफ झाली की पेडल मऊ पडतं. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५. आपल्याकडच्या हवेत ओलाव्याला काय तोटा!

तर आधी ऑइल बदलून ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं) करू, की डिस्क तपासून घेऊ? फोंडा-म्हापसा भागात डायल गेज (बारीक फरक दाखवणारं मापयंत्र) लावून रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डोलते ते, मोजणारं कुणी माहीत आहे का? तोवर घाटात गाडी नेत नाही.