कोयता लागला तर जखमेत हळद भरायची का?

ड्रेसिंगवाली ताई, अंबाजोगाई
ऊसतोड सुरू झाली की नडगीवर कोयता लागलेली माणसं येतात. जखमेत हळद ठासलेली, वरून चिंधी. हळदीची खपली कडक झालेली, दाबली की कडेनं पू. सलाईन ओतून ओतून ती सोडवावी लागते, आणि तिच्यासोबत खाली नुकतं धरलेलं लाल, दाणेदार मांसही निघून येतं. माझं स्पष्ट मत आहे, उघड्या जखमेत काहीही भरू नका. स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, धुतलेलं कापड बांधा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

हळदवाला, वसमत
ताई, पटलं नाही. हळदीनं जखम भरते म्हणून १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं होतं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेनं, भांडून १९९७ ला ते रद्द करायला लावलं. गुण नसता तर एवढं भांडण कशाला झालं असतं? हळदीनं सूज उतरते, हे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या बघितलंय.

ड्रेसिंगवाली ताई
दादा, पेटंट रद्द झालं ते हा वापर भारतात आधीपासून माहीत होता म्हणून. त्यानं गुण सिद्ध होत नाही. आणि सूज उतरवायची एवढी घाई का? पहिले तीन-चार दिवस थोडी सूज, लाली, ऊब लागतेच. पांढऱ्या पेशी तिथं येऊन जंतू खातात, मेलेलं मांस साफ करतात, मग नवं मांस धरतं. जंतूंनी ठाण मांडलं की मात्र सूज हटत नाही. पेशींतून सुटणारी पाचक द्रव्यं मग नवं कोलॅजन, म्हणजे नव्या मांसाला धरून ठेवणारे धागेही, खाऊन टाकतात. शुगर असली तर जखम महिनोन्‌महिने तशीच राहू शकते.

टोळीतला पोरगा, धारूर
शास्त्र बरोबर असंल ताई, पण फडावर स्वच्छ पाणी कुठंय? घरी बसलं की खाडा लागतो, म्हणून माणूस चिंधी बांधून पुन्हा मोळ्या उचलतो. हळद तेवढी कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, असते, तीच भरणार. आधी मुकादमाकडं ड्रेसिंगचं सामान ठेवायला लावा, मग हळद बंद करा म्हणा.

हळदवाला, वसमत
हेच म्हणतोय मी. काहीच नसण्यापेक्षा हळद बरी.

ड्रेसिंगवाली ताई
नाही दादा, इथं मी मागं हटणार नाही. खरचटल्यावर वरवर लावली तर माझा वाद नाही. पण खोल चिरेत माती-शेण गेलेलं असतं, धनुर्वाताचे जंतू त्यातच असतात आणि त्यांना हवा नको असते. वरून तोंड बुजवलं की त्यांचं फावतं. धारूरच्या भावा, सामानाचं तुझं शंभर टक्के खरं. तोवर पिण्याचं पाणी का असेना, तांब्याभर जखमेवर ओत. लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला, तर खाडा पडू दे, पण त्याच दिवशी दवाखाना गाठ.