मदत हवी आहे: क्लीव्हलंडच्या बर्क विमानतळाबद्दल निवेदन लिहायचंय, बाजू ठरत नाहीये

काठावरची

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या रहिवाशांनी बर्क लेकफ्रंट विमानतळाबद्दल नगर परिषदेला दोन पानी निवेदन द्यायचं ठरवलंय आणि मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. मी आनंदाने हो म्हटलं, कारण विषय मनाच्या जवळचा आहे. आता तीन रात्री झाल्या, पहिला परिच्छेद लिहिते आणि खोडते.

ज्यांना हे ठिकाण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या ऐन डाउनटाउनला (शहराच्या मध्यभागाला) लागून, लेक इरी या मोठ्या तळ्याच्या काठावर 245 एकरांचा हा विमानतळ आहे. 1947 पासून चालू आहे, नाव त्या काळचे महापौर थॉमस बर्क यांचं. प्रवासी विमानकंपन्यांचा सगळा कारभार हॉपकिन्स या शहराच्या मुख्य विमानतळाला. इथे येतात ती खाजगी जेट, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आणि रुग्णालयांची विमानं. 2000 च्या सुमाराला वर्षाला लाखभर विमानांची ये-जा व्हायची, आता ती निम्म्याच्याही खाली आलीय. विमानतळ तोट्यात चालतो. 2024 मध्ये शहराने दोन अहवाल प्रसिद्ध केले, त्यांचा सूर असा की बंद करणं शक्य आहे आणि फायद्याचंही. महापौर जस्टिन बिब यांचा कल उघडच बंद करण्याकडे आहे.

मग अडतंय कुठे? मागच्या रविवारी मुलीला घेऊन नॉर्थ मार्जिनल रोडने चालत गेले. एका बाजूला शोअरवे या काठालगतच्या महामार्गावरच्या गाड्यांचा घोंगावता आवाज, दुसऱ्या बाजूला विमानतळाचं जाळीचं कुंपण. जाळीपलीकडे वाळकं गवत, मग धावपट्टी, पुन्हा गवत आणि त्याच्याही मागे पाण्याची निळी रेघ. अर्धा तास चाललो तरी ती रेघ जवळ येईना. पोरगी जाळीत बोटं अडकवून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पाणी तर दिसतंय, मग दार कुठंय?"

तेव्हाच ठरवलं होतं की घरी जाऊन 'बंद करा' असं लिहायचं. पण हीच पोरगी टर्मिनलमधल्या महिला वैमानिकांच्या संग्रहालयात तास तासभर रमते. लेबर डेच्या सुट्टीतला एअर शो ती सप्टेंबर संपला की पुढच्या वर्षासाठी मोजायला लागते. तो एअर शो 1964 पासूनचा आहे, म्हणजे इथल्या दोन-तीन पिढ्यांच्या आठवणी त्यात आहेत. एका सहीने ते पुसायला सांगायचं का?

माझे प्रश्न असे. बंद करा म्हटलं तर ते खरंच शहराच्या हातात आहे का? आणि बंद झाल्यावर ती जागा आमच्यासारख्यांना मिळेल, की कुंपण जाऊन तिथे काचेचे टॉवर येतील? कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

विटकरी

ताई, मी भरावाच्या जमिनीवरच्या बांधकामांतच आयुष्य काढलं, म्हणून आधी जमिनीबद्दल लिहितो. बर्कखाली नैसर्गिक जमीन नाही. तळ्यात भराव टाकून ती केलेली आहे, आणि भराव म्हणजे राडारोडा, शहराचा कचरा, नदीतला गाळ. कायाहोगा नदीतून मालवाहू जहाजं पोलादाच्या कारखान्यापर्यंत जातात, त्यासाठी तिचा गाळ सतत काढावा लागतो. ही नदी इतकी प्रदूषित होती की 1969 मध्ये ती पेटली होती. तिचा गाळ खुल्या तळ्यात सोडून चालत नाही, म्हणून बांध घालून कोंडलेल्या कप्प्यांत टाकतात. त्यातले काही कप्पे बर्कच्या अंगालाच लागून आहेत.

अशा जमिनीवर धावपट्टी बसते, कारण भार पसरलेला असतो. उंच इमारत बसवायची तर पाया कचऱ्यातून आरपार खाली न्यावा लागतो, आणि खोदताना वर आलेल्या मातीचं काय करायचं हा वेगळाच खर्च. नकाशावर रंगीत चौकोन काढणाऱ्यांना हे विचारायलाच हवं.

पण हिरमुसून जाऊ नका. बर्कच्या पूर्वेला काठाकाठाने गेलात की लेकफ्रंट नेचर प्रिझर्व्ह लागतं, 88 एकर. तोही अशाच गाळाचा कप्पा होता, डाइक 14. भराव टाकणं थांबलं, वाऱ्याने आणि पक्ष्यांनी बिया आणल्या, झाडं आपसूक उगवली आणि स्थलांतर करणारे पक्षी उतरायला लागले. 2012 पासून ते लोकांसाठी खुलं आहे. मुलीला एकदा तिकडे घेऊन जा, मग मसुदा लिहा.

रानवारा

शिकागोहून लिहिते आहे. आमच्याकडे असाच मेग्ज फील्ड होता, काठावर, डाउनटाउनला चिकटून. 30 मार्च 2003 च्या मध्यरात्री महापौर रिचर्ड डेली यांनी बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठाले फुल्यांसारखे खड्डे खोदून घेतले. सोळा विमानं आत अडकली, ती नंतर टॅक्सीवेवरून उडवावी लागली. शहराला 33,000 डॉलर दंड झाला आणि केंद्राच्या अनुदानातले 10 लाख डॉलर परत द्यावे लागले. आज तिथे नॉर्दर्ली आयलंडचं उद्यान आहे. मी तिथे जाते, मला ते मनापासून आवडतं. तरीही ज्या रीतीने ते झालं त्याची बोच माझ्या मनातून जात नाही. कोणाला विचारलं नाही, रात्री उरकून टाकलं.

तुमचा पहिला प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. विमानतळाने केंद्राचं अनुदान घेतलं की साधारण 20 वर्षं तो चालू ठेवायची हमी त्यात असते. त्यामुळे नगर परिषदेने नुसता ठराव करून भागत नाही. एफएएची (अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक खात्याची) परवानगी तरी हवी किंवा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तसा कायदा तरी करायला हवा. म्हणून तर 2025 मध्ये तुमचे महापौर आणि काउंटी एक्झिक्युटिव्ह (जिल्ह्याचे प्रमुख) दोघांनी मिळून केंद्राकडे मदत मागितली. निवेदन परिषदेला द्या, पण प्रत तुमच्या खासदारालाही पाठवा.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आमच्याच शहरातल्या एका जुन्या खटल्यात आहे. लेक मिशिगनच्या तळाचा मोठा पट्टा राज्याने एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. 1892 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तळ्याचा तळ राज्याकडे जनतेचा विश्वस्त म्हणून आहे, तो असा देऊन टाकता येत नाही. ओहायोतही लेक इरीचा तळ जनतेचा ठेवा मानला जातो. बर्क भरावाचा आहे असं विटकरींनी सांगितलंच. तेव्हा टॉवरची भाषा कोणी काढली तर हा मुद्दा पुढे ठेवा.

रात्रपाळी

मी प्रत्यारोपण विभागात नर्स आहे. दुसऱ्या राज्यातून अवयव आणणारं विमान बर्कला उतरतं तेव्हा आम्ही इथे घड्याळाकडे बघत असतो. हृदय शरीराबाहेर चारेक तासच टिकतं, त्यात उतरल्यावरचा रस्ताही धरावा लागतो. बंद करू नका असं मी म्हणत नाही, उद्यान मलाही हवंय. पण ही विमानं हॉपकिन्सला उतरणार की काउंटी विमानतळाला, हिवाळ्यात बर्फ पडत असताना तिथून रुग्णालयात किती मिनिटांत पोचणार, हे लिहून घेतल्याशिवाय कोणीही सही करू नये. अहवालात 'पर्यायी व्यवस्था शक्य' असं लिहिणं सोपं असतं.

विटकरी

रात्रपाळी यांचा मुद्दा माझ्या मुद्द्याच्या आधी यायला हवा. निवेदनात तोच पहिला घ्या.

आणि एक राहिलं. कुंपण काढलं तरी डाउनटाउन आणि पाणी यांच्यामध्ये शोअरवे आणि रेल्वेचे रूळ आहेतच. पायी ओलांडायची सोय आधी झाली नाही तर उद्यान होईल आणि गाडी असलेलेच तिथे पोचतील.

काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून लिहिलेलं सगळं बाजूला ठेवलं.

शनिवारी डाइक 14 ला गेलो. वाट चिखलाची होती, पण पाण्यापर्यंत नजर अडत नव्हती. मुलीने बदकं मोजली, चौदापर्यंत. या झाडांखाली नदीचा गाळ आहे असं सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, बुटाच्या टोकाने उकरून बघत होती.

तर आता बाजू ठरली आहे. विमानतळ बंद व्हावा असंच लिहिते, पण अटी घालून. रुग्णालयाच्या विमानांची सोय आधी, लेखी, हिवाळ्यातल्या वेळेच्या हिशोबासह. जमीन विकायची नाही, काठाची पट्टी सलग आणि सगळ्यांना खुली. रस्ता आणि रूळ ओलांडायचा पूल उद्यानाच्या आधी. गाळाची तपासणी करून निकाल जाहीर करायचे. संग्रहालयाला दुसरी जागा, तीही शहरातच. एअर शोचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, धावपट्टीशिवाय तो कसा करतात हे कोणी पाहिलं असेल तर सांगा.

शेवटची मदत: शिकाऊ वैमानिकांच्या बाजूने या धाग्यावर कोणीच बोललेलं नाही. बर्कला उडायला शिकलेलं किंवा शिकवणारं कोणी असेल तर कृपया लिहा, तुमचं म्हणणं माझ्या विरोधात असलं तरी मला ते निवेदनात प्रामाणिकपणे मांडायचंय. मसुदा बुधवारी रात्री इथे टाकते, बैठक गुरुवारी संध्याकाळी आहे.