लोअर आर्म घरी बदलला म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळलो काय?

तिसरं गेट
परवा इथंच, आपल्या बेळगावच्या ग्रुपवर, एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "व्हिडिओ बघून पुढचं सस्पेन्शन अंगणात खोलणारे घरच्यांच्या जिवाशी खेळतात." वाचल्यापासून डोकं फिरलंय.

माझी गाडी ८ वर्षांची. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलो की पुढून कट कट आवाज. सर्व्हिस सेंटरवाल्यानं खाली वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, दोन्ही शॉकअप, माउंट, आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा खालचा दांडा), लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याला जोडणारी छोटी काडी), सगळं गेलंय साहेब. रविवारी गाडी उचलली. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावं-उजवं. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट घट्ट, स्टिअरिंगचा टाय रॉड एंड घट्ट. डावा लिंक रॉड मात्र हातानं खुळखुळत होता आणि आर्म सांगाड्याला जोडतो तिथल्या मागच्या बुशचं रबर फाटलेलं. संपलं! लिंक रॉड आणि तो आर्म, एवढंच बदललं. बॉल जॉइंटचा बोल्ट गंजून बसलेला, त्याला रात्रभर तेल पाजलं, सकाळी सुटला.

आणि दोन वर्षांमागं हाच आर्म एका गॅरेजवाल्यानं बदललेला. लिफ्टवर चाकं लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट आवळून टाकले त्यानं. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. दोन वर्षांतच फाटलं. मी मात्र चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर शेवटचा पीळ दिला. आता सांगा, खेळलं कोण?

उद्यमबाग
मालक, मी २२ वर्षं हेच करतोय. एका गॅरेजवाल्यानं माती खाल्ली म्हणून सगळे चोर? फोटोत गाडी नुसत्या जॅकवर दिसायलीय. स्टँड कुठं आहे? दगड ठेवला असाल, माहीत आहे मला.

आमच्याकडं एका पोरानं शॉकअपवरची स्प्रिंग नीट न दाबता वरचा नट काढला. वरची प्लेट उडाली ती शेडचा पत्रा फोडून गेली. पोरगा एक वीत बाजूला होता. तुमचे व्हिडिओवाले हे दाखवतात काय?

तिसरं गेट
स्टँड दुसऱ्या बाजूनं आहेत, दोन. मी स्प्रिंगला हात लावलाय असं लिहिलंय कुठं? आधी वाचा की.

निपाणीकर
सस्पेन्शन राहू दे बाजूला. फोटोत नंबर अर्धा दिसतोय, एमएच ०९. राहायला बेळगावात, पासिंग कोल्हापूरचं. कर चुकवायचा आणि आम्हाला अक्कल शिकवायची. आम्ही इथला कर भरून केए २३ घेतली, ते काय येडे?

तिसरं गेट
गाडी बहिणीची, बहीण कोल्हापूरला. झालं समाधान?

निपाणीकर
बहिणीची गाडी दोन वर्षं तुमच्या अंगणात? मोटार वाहन कायदा, कलम ४७. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो.

गोवावेस
कलम सांगणाऱ्यांनो, नंबर बदलून बघितलाय काय कधी? माझ्या चुलतभावानं बदलला. तिकडची एनओसी, इकडं कर, मग तिकडचा कर परत मागायचा. पोरगी पहिलीत होती तेव्हा अर्ज दिला, आता तिसरीत आहे. पैसे अजून यायलेत. सीमेवरच्या माणसाची सोयरीक तिकडं, दवाखाना इकडं, शेत मधे. गाडीनं राहायचं कुठं?

निपाणीकर
म्हणून कायदा मोडायचा? मग लाल दिव्यालाही सोयरीक सांगा.

गोवावेस
कर भरून मिळालं काय तुम्हाला? त्याच रस्त्यानं यांचा आर्म खाल्ला.

निपाणीकर
चोर्ल्याचा अर्धा रस्ता गोव्याकडं आहे. शिव्या तरी बरोबर पत्त्यावर घाला!

खानापूरची बाई
झालं काय तुमचं कर्नाटक-महाराष्ट्र? मी रोज शाळेला गाडी घेऊन जाते. गॅरेजात बाई दिसली की सगळं बदलावं लागतं. "मॅडम, रिस्क नको." एकानं तर चांगला शॉकअप गळतोय म्हणून दाखवला. पुसून बघितलं तर नुसता पावसाचा चिखल. त्या दिवशी ठरवलं, लिंक रॉड तरी आपणच बदलायचा. पहिला अर्धा तास नट फिरवत बसले, तो आपला आतल्या स्टडसकट फिरायला. मग कळलं, मधल्या खाचेत सहाकोनी ॲलन की घालून धरायची असते. मिस्टर कॉफीचा कप घेऊन सल्ले द्यायला उभे होते, त्यांच्याच हातात ती की दिली.

उद्यमबाग
बाई, तुमचं पटलं. आमच्यातही तसले आहेत, नाही कुठं म्हणतो? पण उलटंही ऐका. गिऱ्हाईक बाजारातला सगळ्यात स्वस्त आर्म घेऊन येतं, बसवा म्हणतं. तीन महिन्यांत बॉल जॉइंट ढिला झाला की बोंब आमच्या नावानं. आर्म चांगला असेल तर मी नुसता बुश काढून प्रेसवर नवा बसवून देतो. त्यात मला सुटतं काय? घरी हातोडीनं ठोकून बुश बसवणारे वेगळेच, त्यांना माझा नमस्कार.

तिसरं गेट
मी अख्खा आर्म घातला. हातोडी नाही.

उद्यमबाग
बरं. लिंक रॉड घरी करा, आर्मही करा बाबा, तुम्ही बोल्ट खाली टेकवून आवळलात, ते माझ्या दोन पोरांना अजून सांगावं लागतं. स्प्रिंगला तेवढा हात लावू नका. आता एक विचारतो, खरं सांगा. चाकं सरळ रेषेत आणायची अलाइनमेंट केलात?

तिसरं गेट
...सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा डावीकडं वाकडं राहतंय. आज-उद्या जाणारच होतो.

उद्यमबाग
जाणारच होतो! टायर आतून घासून गुळगुळीत झाल्यावर काय? उद्या १० ला या.

निपाणीकर
एमएच पासिंगला जादा दर लावा.